भुऱ्याचे दात

कुत्र्याच्या तोंडाशी माईक धरलेला होता आणि हजार-दीड हजार माणसं चिडीचूप उभी होती.

पिंपळगाव राजापासून दोन कोसांवरच्या त्या माळावर एरवी शेरडंसुद्धा थांबत नाहीत. आज मात्र ट्रॅक्टर, टेम्पो आणि फटफट्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत लागली होती. पत्र्याच्या शेडवर 'श्री दत्तश्वान मठ' असा नवाकोरा फ्लेक्स होता. त्यावर कडूबाबांचा गॉगल लावलेला फोटो, आणि बाबांपेक्षा मोठा कुत्र्याचा.

हे कडूबाबा चार वर्षांपूर्वी आठवडी बाजारात शेळ्यांच्या जंताचं औषध विकायचे. औषध खपेना, तेव्हा मंत्र विकायला लागले. मंत्राला बाटली लागत नाही आणि तारीख संपत नाही. नाव कडू असलं तरी जिभेवर खडीसाखर होती.

"ऐका मायबाप हो," बाबांनी उजवा हात वर केला. अंगठ्याला हळदीचं फडकं गुंडाळलेलं होतं. "दहा दिवसांपूर्वी हे जनावर येडं होतं. लाळ गळे, पाणी पीत नव्हतं, भाकर गिळत नव्हतं. सरकारी डॉक्टरीणबाई म्हणे, हे मेलं की याचं डोकं नागपूरले पाठवतो. आता सांगा, दत्तगुरूच्या पायाशी चार कुत्रे म्हणजे चार वेद. वेदाचं डोकं कोणी कापते काय? म्या याच्या मगजातलं येड उतरवलं अन् कमंडलूत बंद केलं. आज दहावा दिवस. डॉक्टरीणच म्हणे ना, दहा दिवस जगलं तं कुत्रं शहाणं? मग पाहा. नुसतं पाहू नका, कानानं ऐका."

बाबांनी ताटातली वाळकी भाकर उचलली आणि कुत्र्यापुढे टाकली. त्या भुऱ्या रंगाच्या कुत्र्यानं ती हवेतच झेलली. मग कर्ण्यातून सगळ्या माळावर आवाज घुमला, कडाड, कुडूम, कडाड.

लोकांनी जयजयकार केला. कुत्रं चावलेल्या सात वर्षांच्या छकुलीच्या गळ्यात हार पडला. तिच्या बापानं, ज्ञानेश्वरनं, बाबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि तो लेकरासारखा रडला. शेजारीपाजारी त्याच्या पाठीवर हात फिरवत होते. पोरगी वाचली, अजून काय पाहिजे?

जनकाबाई मात्र टक लावून कुत्र्याच्या जबड्याकडे बघत होती.

जनकाबाई म्हणजे ज्ञानेश्वरची थोरली बहीण, छकुलीची आत्या. पंचविशीत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, त्याला वीस वर्षं झाली. घरची चूल तिची. ती भाकरही तिनंच थापली होती. कुत्रं चावलं त्या घरची भाकर पाहिजे, तीन दिवस उन्हात वाळवलेली पाहिजे, असा बाबांचा हुकूम होता. आता तीच भाकर कुत्रं कडाकडा फोडत होतं, आणि जनकाबाईला एकच गोष्ट कळत होती. भुऱ्या कडक भाकर खात नव्हता. त्याला ती खाताच येत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ट्रॉलीचं चाक भुऱ्याच्या तोंडाला लागलं होतं. डावीकडच्या खालच्या जबड्याचा चुराडा झाला. पिंपळगावच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सुचिताबाईंनी तारेनं जबडा बांधला आणि सुळ्यासकट पाच दात काढून टाकले. तेव्हापासून जनकाबाई त्याची भाकर ताकात कुस्करायची, ताक नसलं तर वरणाच्या पाण्यात. रोज दोन वेळा, तीन वर्षं. घरातले हसायचे. "अक्का, कुत्र्याले बी काला घालते बाप्पा," म्हणायचे. हसा म्हणावं.

याच मायेनं घात केला होता, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

झालं असं. दहा-बारा दिवसांपूर्वी भुऱ्या खाईना. तोंड जड झालेलं, लाळेची तार लोंबायची, भुंकणं घोगरं झालेलं. दुसऱ्या कोणाचं कुत्रं असतं तर जनकाबाईच म्हणाली असती, सांभाळा, लक्षण बरं नाही. पण भुऱ्याचा जबडा मोडका. तिला वाटलं, जुनं दुखणं उसळलं. तिनं त्याच्या तोंडात बोटं घालून हाड अडकलंय का तेही पाहिलं. मग काला जास्त पातळ केला आणि छकुलीच्या हातात वाटी दिली. "जाय, तुह्या हातून खाईन तो," म्हणाली. भुऱ्यानं खाल्लं नाही. पोरीच्या मनगटाला दात लावले.

जखमेवर मिरचीची पूड दाबायला गीताबाई शेजारीण धावत आली. सुदैवानं डॉक्टर सुचिता तेव्हा गावातच एका गाईला पाहायला आल्या होत्या. त्यांनी पूड झटकून टाकली, साबण मागितला, आणि नळाखाली पंधरा मिनिटं मनगट धुतलं. मग कुत्र्याला लांबूनच निरखलं.

"जबडा नाही दुखत त्याचा, जनकाबाई," त्या म्हणाल्या. "जबड्याच्या नसा मरून चालल्यात. पिसाळलेलं कुत्रं नेहमी धावून चावतं असं नाही. कधी ते असं मुकं होतं आणि लोकांना वाटतं घशात हाड अडकलं. माझा अंदाज वाईट आहे. याला साखळीनं बांधा, कोणी हात लावू नका. मुलीला आणि तुम्हालाही आजच खामगावला न्या. दहा दिवसांत हा मेला तर मला कळवा, मेंदू तपासून पक्कं सांगता येईल. दहाव्या दिवशी धडधाकट असला तर पुढच्या सुया लागणार नाहीत."

खामगावला पोरीच्या जखमेत एक औषध टोचलं, दोघींच्या दंडात सुई दिली. तिसऱ्या दिवशी दुसरी. पोरीला ताप भरला, ती सुईचं नाव काढताच किंचाळायला लागली. त्याच संध्याकाळी कडूबाबांचा शिष्य गोपाल ज्ञानेश्वरच्या दारात उभा राहिला. बाबा कुत्रं सांभाळतील, बाबा येड उतरवतील. अट एकच, आता अंगाला सुई लावायची नाही. सुई आणि मंत्र एका अंगात नांदत नाहीत. सुई लागली तर उतरवलेलं येड परत फिरेल, ते थेट लेकरात.

चौथ्या दिवशी सकाळी भुऱ्या मठात गेला. सातव्या दिवशीची सुई दोघींचीही हुकली. डॉक्टर सुचिता दोनदा कुत्रं पाहायला मठावर गेल्या, दोन्ही वेळा त्यांना दारातून परत लावलं. आणि आज दहाव्या दिवशी कुत्रं भाकर फोडत होतं. डॉक्टरणीची कसोटी डॉक्टरणीवरच उलटली म्हणून लोक टाळ्या पिटत होते.

कोणाचं काय पणाला लागलंय ते एकट्या जनकाबाईला दिसत होतं. हे कुत्रं भुऱ्या नसेल तर भुऱ्या मेला. भुऱ्या मेला तर तो पिसाळलेलाच होता. आणि छकुलीच्या उरलेल्या सुया आज या माळावर कायमच्या बंद होत होत्या. ती पुढे गेली.

"बाबा," ती म्हणाली, "याचं तोंड उघडून दाखवा."

माईक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं.

बाबा हसले. "माय, देवाच्या दारी परीक्षा पाहू नये."

"मी देवाची कायले पाहू? कुत्र्याची पाहून राह्यले. आमच्या भुऱ्याले डाव्या अंगाले दात नाईत. भाकर कोणत्या दातानं फोडली त्यानं?"

गर्दीत कुजबुज झाली. तेवढ्यात मागून स्कूटरजवळ उभ्या असलेल्या डॉक्टर सुचिता वाट काढत पुढे आल्या. हातात दवाखान्याचं जुनं रजिस्टर होतं. त्यांनी हातमोजे घातले, कुत्र्याच्या मानेची साखळी आखूड धरली आणि अलगद त्याचा ओठ वर केला. पांढरेशुभ्र दात, वरचे खालचे सगळे जागच्या जागी.

"तीन वर्षांपूर्वी मी भुऱ्याचे पाच दात काढले, या पानावर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा तो पाच वर्षांचा होता. या कुत्र्याचे दात पूर्ण आहेत आणि झिजलेलेसुद्धा नाहीत. हे जेमतेम दोन वर्षांचं आहे. हा भुऱ्या नाही."

आता सगळं संपलं असं जनकाबाईला वाटलं. पण बाबा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. दोनदा पापण्या मिटल्या आणि त्यानं गोपालच्या हातातून माईक ओढून घेतला.

"ऐकलं काय? लोकहो, ऐकलं काय? डॉक्टरीणबाईनं सोताच्या तोंडानं सांगतलं. दात नव्हते, दात आले. म्हातारं जनावर जवान झालं. म्या निस्तं येड काढाले गेलो होतो, दत्तानं पुरी काया पालटून देली."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर डॉक्टरणीनं ओंडकाच हातात दिला होता. लोक उसळले. ज्यांचा विश्वास मघाशी थोडा हलला होता तेच आता सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. गीताबाई, जिच्या तोंडात मोजून तीन दात उरले होते, ती गर्दी फोडून पुढे आली आणि बाबांपुढे आ करून उभी राहिली. "बाबा, माह्या दातायचं बी काही होईन काय?"

जनकाबाईनं "भुऱ्या, ये रे" म्हणून हाक मारली. कुत्र्यानं कानही हलवला नाही. बाबा म्हणाले, नवा जन्म आहे, मागचं नाव कसं आठवेल. काहीही विचारा, उत्तर तयार. जी गोष्ट कधी खोटी ठरूच शकत नाही तिच्यात काहीतरी काळंबेरं असतं, हे जनकाबाईला त्या क्षणी उमगलं.

ज्ञानेश्वरनं तिचं मनगट धरून तिला बाजूला ओढलं. "अक्का, पुरे झालं. माह्या लेकराचं चांगलं झालं ते पाहवत नाई काय तुले?"

ते शब्द तिला फार लागले. वीस वर्षं त्याच्या घरात राबली, छकुलीला याच हातांनी न्हाऊमाखू घातलं, आणि भाऊ हे बोलला. ती वळली आणि चालायला लागली. डॉक्टर सुचितांनी तिला स्कूटरपाशी गाठलं.

"उद्या सकाळी पोरीला खामगावला न्या. सुई चुकली आहे, पण वेळ गेलेली नाही. एकदा का पाण्याची भीती सुरू झाली, लक्षणं दिसली, की मग जगात कुठे औषध नाही. मग मी काय आणि बाबा काय, नुसतं बघत बसायचं."

संध्याकाळी ओट्यावर मेथी निवडताना जनकाबाईनं भावजयीला, योगिनीला, सगळं सांगितलं. योगिनीचे हात थांबले.

"अक्का, मले बी ते कुत्रं आपलं नाई वाटलं," ती हळूच म्हणाली. "पण बाबानं सांगतलं ना, सुई लागली तं येड लेकरात परत येते. तसं झालं तं?"

हीच खरी मेख होती. बाबानं कुत्रं दाखवून लोकांना जिंकलं होतं, पण बांधून ठेवलं होतं या भीतीनं. जनकाबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"ज्यानं कुत्रं खोटं दाखवलं, त्याचा शाप खरा कसा असन?" ती म्हणाली. "अन् शाप लागलाच तं मले लागू दे. आधी मी टोचून घेईन, मग पोरीले."

योगिनीनं डोळे पुसले. "सक्काळची पहिली यष्टी साडेसहाले आहे," ती म्हणाली.

सकाळी ज्ञानेश्वर हरभऱ्याला पाणी द्यायला गेला आणि या तिघी एसटीत बसल्या. खामगावच्या सरकारी दवाखान्यात कुत्रं चावलेल्यांची रांग वऱ्हांड्यात बसली होती. छकुली आत्याच्या पदरात तोंड खुपसून मुसमुसत होती. पुढे पाच-सहा माणसं होती. सगळ्यांत पुढच्या बाकावर माकडटोपी घातलेला एक गडी भिंतीकडे तोंड करून बसला होता, नाकापर्यंत मफलर गुंडाळून. थंडी होती, पण एवढीही नव्हती.

नाव पुकारायला दवाखान्याचं दार उघडलं, तोच बाहेर फटफटी करकचून थांबली. ज्ञानेश्वर चिखलाच्या पायानं धावत आत शिरला. त्याला कोणीतरी सांगितलं असणार.

"सुई देऊ नका," तो ओरडला. "मी बाप आहे पोट्टीचा. माह्या लेकराले सुई द्यायची नाई. येड परत फिरन." त्यानं छकुलीचा दंड धरला. योगिनीनं दुसरा धरला. पोरगी मध्ये लटकून किंकाळ्या फोडायला लागली. जनकाबाई भावाच्या आणि पोरीच्या मधे उभी राहिली.

"मले मार," ती म्हणाली. "मारायचं असन तं मले मार. पण पोरीले आज सुई लागन."

"ओ दादा, दवाखाना आहे हा," सिस्टर महामाया दारात आल्या. त्यांनी असले तमाशे पाहिलेले असावेत, कारण आवाज चढवला नाही. "आधी पुढच्याचं होऊ द्या, मग तुमचं बघते. कडूबा सखाराम. तिसरा डोस. कार्ड आणलं काय?"

माकडटोपीवाला जागचा हलला नाही.

"कडूबा सखाराम कोण आहे? तुम्हीच ना? चला, बाही वर करा. अन् अंगठ्याले हळद बांधू नका म्हणून मागच्या वेळेस सांगतलं होतं तुम्हाले."

ज्ञानेश्वरच्या हातातून पोरीचा दंड सुटला. त्यानं तो हळदीचा अंगठा पाहिला. मग पुढे जाऊन, फार सावकाश, त्या माणसाच्या तोंडावरचा मफलर खाली केला.

मफलरखाली कडूबाबा होता. सिस्टर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या.

"कधी चावलं तुमाले?" ज्ञानेश्वरनं विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

"नेलं त्याच दिवशी," बाबा जमिनीकडे बघत पुटपुटला.

"अन् कुत्रं?"

"दोन दिवसानं मेलं. मठामागच्या पळसाखाली पुरलं." तो थुंकी गिळून म्हणाला, "दुसरं ढाब्यावरून आणलं. भुऱ्या रंगाची काय, पन्नास भेटतात. दोन दिवस उपाशी ठेवलं की दगड बी फोडते ते."

"सुई अन् मंत्र एका अंगात नांदत नाई म्हणे, बाबा," जनकाबाई म्हणाली.

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत खरीखुरी भीती होती. "घरी दोन लेकरं आहेत, माय," तो म्हणाला.

"आमच्या घरी एक आहे."

ज्ञानेश्वरनं हात उगारला होता. तो त्यानं खाली घेतला, छकुलीला उचललं आणि सिस्टरपुढे तिची बाही वर केली. पोरगी रडली आणि सुई झाली. मग जनकाबाईची झाली. सिस्टरनी नंतर कडूबालाही टोचलं, कारण रोग बाबा कोण आणि भक्त कोण ते पाहत नाही आणि दवाखान्यानंही पाहू नये.

त्याच दुपारी डॉक्टर सुचितांनी पळसाखालची जागा खणून घेतली. भुऱ्याच्या जबड्यात तिथं तार होती आणि पाच दातांच्या रिकाम्या जागा होत्या. त्यांनी मानेच्या बाजूनं कवटीच्या भोकातून एक साधी नळी आत घातली, मेंदूचा बोटभर तुकडा काढला, बर्फात ठेवला आणि नागपूरला पाठवला. डोकं कापावंसुद्धा लागलं नाही. आठवड्यानं उत्तर आलं. भुऱ्या पिसाळलेलाच होता.

ग्रामसभेत एकानं विचारलं, मग आजवर बाबानं एवढी माणसं बरी केली ती कशी? डॉक्टर सुचितांनी उलट विचारलं, त्यांतल्या किती कुत्र्यांची तपासणी झाली होती? चावणारी बहुतेक कुत्री पिसाळलेली नसतात. कोणी शेपटीवर पाय दिला म्हणून चावतं, कोणी पिल्लांसाठी. अशा दहा जणांना बाबानं ताईत बांधला, दहाही वाचले, आणि श्रेय ताईताला गेलं. अकराव्याची गाठ भुऱ्याशी पडली असती तर बाबा म्हणाला असता, याच्या नशिबातच नव्हतं. मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही, म्हणून असल्या बाबांचा लौकिक टिकतो.

कुत्रं चावलेल्याला औषधापासून अडवून मंत्र-ताईत करणं हा आपल्या राज्यात कायद्यानं गुन्हा आहे. कडूबावर तो दाखल झाला. पहिली सही ज्ञानेश्वरची होती. फ्लेक्स उतरवला, आणि गीताबाईनं तो आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला. दात काही आले नाहीत तिला.

छकुलीच्या सगळ्या सुया झाल्या. त्याला आता वर्ष होऊन गेलं, ती तिसरीत गेली आहे. ढाब्यावरचं ते कुत्रं जनकाबाईनं घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी सुचिताबाईंकडून त्याला लस टोचून घेतली. भाकर थापताना तिला अजून भुऱ्याची आठवण येते आणि डोळे भरून येतात. आपण त्याच्यावर माया केली आणि तरी त्याचं दुखणं ओळखलं नाही, हे तिला टोचतं. पण माया म्हणजे तपासणी नव्हे, असं ती आता शेजारणींना स्वतःच सांगते.

तेव्हा साधी गोष्ट आहे, ऐकायची असेल तर. कुत्रं चावलं की मिरची नको, हळद नको, अंगारा नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सांगितलेल्या सुया घ्या. एखादी चुकली म्हणून उरलेल्या सोडू नका. आपल्या कुत्र्याला वर्षातून एकदा लस द्या. आणि कोणी म्हणालं की सुईची गरज नाही, माझ्या मंत्रानं भागेल, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. त्याला एवढंच विचारा, तुझ्या अंगठ्याला काय झालं?